हुकलेल्या ईस्टरचा हिशेब

सावकाश वाचा, घाई नाही. मन चौलच्या बंदरावर न्या, तेही पोर्तुगीज यायच्या आधीच्या. रेवदंड्याचा कोट अजून नाही, सातखणी मनोरा नाही, कोर्लईचं चर्च नाही. 1469च्या सुमारास होर्मुझकडून आलेल्या जहाजातून एक परदेशी घोडा घेऊन उतरतो. अफानासी निकितिन, रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. गोरा माणूस बघायला लोक आपल्या मागे मागे फिरत, असं त्यानेच लिहून ठेवलंय. रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे.

त्याच्या सामानात काय नाही, ते बघा. व्होल्गा नदीतून येताना अस्त्राखानपाशी तार्तरांनी लुटलं, तेव्हा मालाबरोबर धर्मपुस्तकंही गेली. ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, आणि ती तारीख तो पुस्तकात बघत असे. पुढे तर बुधवार कुठला आणि शुक्रवार कुठला, हेही त्याला कळेनासं झालं, आणि हे दोन्ही त्याचे उपासाचे वार. पापकबुली ऐकायला धर्मगुरू नाही, सणाला सोबत नाही.

इथे थांबा. त्याच्या जागी तुम्ही देवाला काय सांगितलं असतं? मी तरी म्हटलं असतं: पुस्तकं लुटली गेली, त्यात माझा काय दोष? हे खोटंही ठरलं नसतं. निकितिन लुटीची हकिगत सांगतो, पण तिच्याआड लपत नाही. आपण वाट चुकलो, असं म्हणून तो हळहळतो. स्वतःला पापी म्हणतो आणि सगळ्या प्रवासालाच पापी प्रवास म्हणतो. (तो काही संत नव्हे. रशियात खपेल असा माल इथे भरपूर मिळतो, असं सांगून व्यापाऱ्यांनी फसवलं म्हणून तो चांगलाच चडफडतो.)

आता त्याच्याबरोबर घाट चढून जुन्नरला चला. पावसाळा आहे, रात्रंदिवस पाणी आणि चिखल. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहराही. नाहीतर घोडा गेला आणि हजार मोहरा तूच भर. विचाराला चार दिवस. निकितिन बधला नाही. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. एवढ्या निर्धाराचं श्रेय स्वतःच्या खात्यावर सहज टाकता आलं असतं. तो ते देवाच्या कृपेवर टाकतो. जुन्नरला टिकलो, आता ईस्टर हुकला तर काय बिघडलं, असा हिशेब त्याने मांडला नाही. मला त्याचं मोठेपण इथे दिसतं, खानापुढच्या धैर्यापेक्षाही जास्त.

मग त्याने काय केलं? मुसलमानांच्या रोज्यांच्या महिन्यात आपलाही उपास धरला. मांस सोडलं, दिवसातून दोनदा भाकरी आणि पाणी. मिळतील त्या खुणांवरून ईस्टर अंदाजाने ठरवला. दिवस चुकत असेल, याची त्याला जाणीव होती. तरी नीट कळल्यावर करू म्हणून तो थांबला नाही.

पश्चात्ताप म्हटलं की आपल्याला रडणं आठवतं. पण हुकलेली गोष्ट हुकली म्हणायची आणि आज हाताशी आहे तेवढ्याने पुन्हा सुरुवात करायची, हे रडण्याहून अवघड आहे. त्यात आपला अंदाज चुकीचा असू शकतो हे मान्य करावं लागतं.

तो घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. टिपणं 1475 साली मॉस्कोला पोचली. तुमच्या भिंतीवर मात्र कॅलेंडर आहे, जवळ चर्च आहे, फादर आहेत. आता आपली अशी एक चूक निवडा, जिच्यासाठी तुमच्याकडे अगदी खरं, सबळ कारण आहे. लंगडी सबब असलेली चूक नको, ती सोपी पडेल. ते कारण बाजूला ठेवून नुसती चूक देवापुढे सांगून बघा. शब्द अडतील. अडू द्या.