झाकणाखालचे काम

काही महिन्यांपूर्वी एका परिचितांनी मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या हाती दिले. जर्मनीतील ग्लासह्युटे या लहानशा गावी ‘ए. लांगे उंड झोने’ या पेढीने घडवलेले ते ‘लांगे १’ होते. त्याच्या किमतीत एखाद्या तालुक्याच्या गावी राहते घर होईल. माझ्या मनात प्रथम आला तो तिटकाराच, हे कबूल केले पाहिजे. मग मी भिंग मागितले.

तबकडीवर तास-मिनिटांचे वर्तुळ मधोमध नाही. ते डावीकडे सरकलेले आहे. उजवीकडे वर दोन खिडक्यांत ठळक अंकांची तारीख, तिच्याखाली चावी किती शिल्लक आहे हे सांगणारा काटा आणि तळाशी सेकंदांचे छोटे वर्तुळ. कोणताही भाग दुसऱ्यावर चढत नाही. क्षणभर ही मांडणी कललेली भासते. थोडा वेळ पाहत राहिले की तिच्यातले काहीही हलवू नये असे वाटते. तारखेच्या जोडखिडकीची कल्पना ड्रेस्डेनच्या झेम्पर ऑपेरागृहात रंगमंचावर बसवलेल्या, अंकांनी वेळ दाखवणाऱ्या घड्याळावरून सुचलेली आहे.

या पेढीचा इतिहासही नीट वाचावा असा आहे. फर्डिनांड आडोल्फ लांगे यांनी ती १८४५ साली स्थापली. महायुद्धाच्या अगदी अखेरच्या दिवशी, ८ मे १९४५ रोजी, तिची मुख्य इमारत बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाली; १९४८ साली तिचे सरकारीकरण झाले आणि घड्याळावरचे नावही पुढे लोपले. पणतू वाल्टर लांगे यांनी १९९० साली ती पुन्हा उभी केली. ‘लांगे १’ जगापुढे आले ते १९९४ साली.

घड्याळ उलटे केले. मागचे झाकण काचेचे. यंत्राचा मोठा भाग एकाच रुंद पट्टीने झाकलेला. ती जर्मन सिल्व्हरची असून तिच्यावर कसलाही मुलामा नाही. उघड्या बोटाचा स्पर्श झाला तरी तिच्यावर डाग उमटतो, म्हणून कारागिराला फार जपावे लागते. कडा तिरप्या घासून झळाळत्या केलेल्या, स्क्रू आचेवर निळे केलेले, माणके सोन्याच्या कड्यांत बसवलेली. ही कडी माझ्या मते आता निव्वळ अलंकार आहेत. पूर्वी माणके अचूक बसवण्यासाठी त्यांची गरज असे, आज ती उरलेली नाही. मात्र हेलकावणाऱ्या चक्रावरच्या लहानशा पुलावर हाताने कोरलेली फुलवेल पाहून मी गप्प झालो. ती कोणाच्या हातची, हे तिथले कोरक्ये एकमेकांची धाटणी पाहून ओळखतात.

काचेतून दिसते ते इतकेच. पट्टीची आतली बाजू, तबकडीमागचा पत्रा, चाकांचे तळ मालकाला कधीच दिसणार नाहीत. तरी तेही घासलेले, नक्षीने सजवलेले असतात. तीनशेहून अधिक सुट्या भागांचे हे यंत्र एकदा जोडून त्याची चाल लावतात, मग संपूर्ण उकलून, भागांवर अखेरचा हात फिरवून, पुन्हा जोडतात.

आणि हे सर्व वेळेसाठी नव्हे! सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हाच तो प्रश्न निकालात निघाला. आज काही शे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला सुमारे १५ सेकंद चुकते. उत्तम यांत्रिक घड्याळ दिवसालाच काही सेकंद चुकू शकते.

मग न दिसणाऱ्या जागी इतके श्रम कशासाठी? भाषांतराच्या मेजावर मला एक ग्रीक शब्द नेहमी अडवतो: ऑफ्थाल्मोडौलिया. नव्या करारात तो दोनदाच येतो, इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत. शब्दशः अर्थ ‘डोळ्यांची चाकरी’; आपल्या परिचित मराठी पाठात ‘तोंडदेखली चाकरी’. मूळ शब्दातील डोळ्याच्या जागी मराठीने तोंड घेतले, तरी अर्थ जागचा हलला नाही. झाकणाखालची झिलई ही या चाकरीच्या नेमकी उलट, असे म्हणून मला लेख संपवता आला असता.

पण तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो शब्द प्रेषिताने दासांना उद्देशून लिहिला आहे, आणि न दिसणाऱ्या श्रमांचा उपदेश मालकांनी चाकरांना फार सोयीने केला आहे. ग्लासह्युटेचा कारागीर वेतन घेतो; दास वेतनावाचून राबत असे. शिवाय ही लपलेली झिलई विक्रीपत्रकात छापलेली असते. जिची जाहिरात होते आणि जिचे दाम वसूल होतात, ती गुप्त कशी? मालकाच्या बाबतीत मला हे गुप्त काम वाटत नाही. तो न पाहताही ते विकत घेतो, आणि मनगटावर मिरवतो.

तरीही एक माणूस उरतो. अनेक वर्षांनी ते यंत्र दुरुस्तीसाठी उघडणारा. आतली बाजू त्याच्याच डोळ्यांसमोर येते, आणि त्याला विक्रीपत्रकाची गरज नसते.

माझ्या वडिलांचे एच.एम.टी. ‘जनता’ अजून माझ्यापाशी आहे. एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बेंगळुरूत घड्याळे बनवायला आरंभ केला. तिची घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. ‘जनता’च्या आत ना नक्षी, ना सोन्याची कडी, साध्या पट्ट्या आणि चाके, बस्स. गेल्या वर्षी ते अडले तेव्हा गल्लीतल्या घड्याळजींकडे नेले. त्यांनी मागचे झाकण काढले, डोळ्याला भिंग लावले आणि झाकणाच्या आतली बाजू माझ्यापुढे धरली. तिथे सुईच्या टोकाने ओरखडलेल्या तीन खुणा होत्या, तीन निरनिराळ्या हातांच्या, पूर्वीच्या दुरुस्त्यांच्या. वडिलांनी हे घड्याळ कुठे कुठे नेले असेल, याचा मला पत्ता नव्हता.

“हा मधला माणूस चांगला होता,” ते म्हणाले. “स्क्रूच्या खाचेला कुठे इजा नाही केली.”

मग त्यांनी यंत्र उकलले, पुसले, तेल दिले, जोडले, आणि झाकण बसवण्यापूर्वी त्याच्या आत, त्या तीन खुणांखाली, आपली चौथी खूण कोरली.