जन्मतारखेचा रकाना

चीनमधल्या विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून इंग्रजी शिकवणाऱ्या आयट्यूटरग्रुप या कंपनीकडे २०२० साली अमेरिकेतल्या एका बाईंनी शिक्षकाच्या कामासाठी अर्ज केला. अर्ज लगेच नाकारला गेला. त्यांनी तोच अर्ज पुन्हा भरला. शिक्षण, अनुभव सगळं तेच ठेवलं, फक्त जन्मतारीख अलीकडची टाकली. या वेळी मुलाखतीचं बोलावणं आलं. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने चौकशी केली आणि न्यायालयात दावा लावला. ५५ आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रिया, ६० आणि त्यापुढचे पुरुष यांचे अर्ज कंपनीची संगणकप्रणाली आपोआप बाजूला काढत होती आणि दोनशेहून अधिक अर्जदार असे गळाले होते, असं आयोगाचं म्हणणं होतं. २०२३ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

त्या बाईंना दाद मागायला जागा होती, कारण चाळिशीपुढच्या नोकरदाराला वयावरून डावलू नये असा कायदा त्यांच्या देशात १९६७ पासून आहे. आपल्याकडे दोन अर्ज भरून काही उघडकीला आणण्याची गरजच पडत नाही. ‘पाहिजेत’च्या जाहिरातीत ‘वय ३५ च्या आत’ असं स्वच्छ छापलेलं असतं. त्याच ओळीत जात किंवा धर्म छापला, तर दुसऱ्या दिवशी गदारोळ उठेल, आणि तो उठायलाच हवा. वयाचं मात्र कुणाला काही वाटत नाही. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात भेदभावाला मनाई करताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांची नावं घेतली आहेत. वयाचं नाव त्यात नाही.

तरीही आपल्याच कामगार कायद्यात एक फार शहाणं तत्त्व आहे आणि ते आपण विसरत चाललो आहोत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सांगितलं, की कामगारकपात करायची वेळ आलीच, तर जो शेवटी आला तो आधी जाईल. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व राहिलं. जुन्या नियमांप्रमाणे कपातीच्या निदान सात दिवस आधी सेवाज्येष्ठतेची यादी कारखान्याच्या सूचनाफलकावर लावावी लागे. कुणाची सेवा किती वर्षांची, कुणाचा क्रम कितवा, हे सगळ्यांना दिसे. मालकाला क्रम मोडता येई, पण त्याचं कारण नोंदवून ठेवावं लागे. ज्याने वीस वर्षं त्याच खात्यात घालवली, त्याला बाहेर पुन्हा काम मिळणं सर्वांत कठीण, म्हणून त्याला सर्वांत शेवटी हात लावायचा. माणसाने एखाद्या कामाला दिलेल्या वर्षांतून त्याचा काही हक्क तयार होतो, हे त्या यादीत मान्य केलेलं होतं. मला हा विचार कायद्यापेक्षाही मोठा वाटतो.

आज हिंजवडीत किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात ही यादी बऱ्याचदा उलटी वाचली जाते. जो सर्वांत जुना तो सर्वांत महाग, म्हणून आधी तो. टीसीएसने २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीतल्या लोकांना त्याची झळ बसेल, हे कंपनीनेच सांगितलं होतं. अशा श्रेणींतला माणूस महाग झाला, तो काही स्वतःहून नाही. वर्षानुवर्षं ‘अप्रेझल’ करून, काम चांगलं म्हणून पगारवाढ दिली ती कंपन्यांनीच. चांगल्या कामाची ती पावती पुढे त्याच्याच विरुद्ध वापरायची, हा अन्याय आहे. शिवाय व्यवस्थापक कायद्याच्या व्याख्येतला ‘कामगार’ नव्हे, त्यामुळे सेवाज्येष्ठतेचं तत्त्व त्याच्या कामी येत नाही. कित्येक ठिकाणी त्याला एचआरच्या खोलीत बोलावतात, ‘तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ’ म्हणतात. कागदोपत्री कुणाला काढलेलंच नसतं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी असं बाहेर पडलेल्या माणसाचं काय होतं, ते आपल्यातल्या अनेकांनी नात्यात, शेजारात पाहिलं आहे. घराच्या कर्जाची दहा-बारा वर्षं उरलेली. मुलगी बारावीला. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर गेला आणि त्यावर आई-वडिलांचीही नावं होती. भविष्यनिर्वाह निधीची पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी उचलली तर कापून मिळते, आणि या पेन्शनची किमान रक्कम आहे महिना हजार रुपये. नोकरी द्यायला तो म्हातारा, पेन्शन द्यायला तरुण. मग तो बायोडाटातून पदवीचं साल काढून टाकतो, पहिल्या दोन नोकऱ्या गाळतो, मुलाखतीच्या आदल्या रात्री केस काळे करतो. आयुष्यभर ज्या अनुभवाचा अभिमान बाळगला, तोच लपवायची पाळी येते. एवढं करून उत्तर मिळतं, ‘तुमचा अनुभव आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे.’

तरुणांनाही नोकऱ्या हव्यात, हे खरंच आहे. नवं तंत्र शिकायचं नाकारणारे ज्येष्ठ असतात, हेही खरं. पण शिकण्याची तयारी पाहायची, तर परीक्षा घ्यावी, काम देऊन बघावं. पंचविशीतल्या मुलाची आपण तशीच पारख करतो. पन्नाशीच्या माणसाला ती संधीही मिळत नाही, जन्मतारखेच्या रकान्यावरच त्याचा निकाल लागतो. निदान पहिल्या चाळणीच्या अर्जातून तो रकाना काढून टाकायला कोणत्याही कंपनीला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

कपातीच्या बाबतीत मात्र कायदाच हवा. अमेरिकेत १९९० मध्ये ठरलं, की अनेकांना एकदम कमी करताना चाळिशीपुढच्या नोकरदाराकडून ‘वयाच्या भेदभावाचा दावा करणार नाही’ असं लिहून घ्यायचं असेल, तर कुणाला काढलं आणि कुणाला ठेवलं त्यांची पदं आणि वयं त्याला लेखी द्यावी लागतात, आणि विचार करायला ४५ दिवस. आपल्या कामगार खात्याने एवढं तरी बंधनकारक करावं. नावं नकोत. राजीनाम्यावर सही मागण्याआधी पदं आणि वयं लिहिलेला तो कागद माणसाच्या हातात पडावा, आणि तो घरी नेऊन, चार जणांना दाखवून ठरवायला त्याला पुरेसे दिवस मिळावेत.