पंचसूना : आपल्या स्वयंपाकघरातील अहिंसा

सकाळी देवाला नैवेद्य दाखवून झाला की आपल्याला समाधान वाटते. घरातील जेवण सात्त्विक असते, मुंगीलाही आपण जाणूनबुजून दुखवत नाही. मग आपल्या स्वयंपाकघरात हिंसा कुठून येणार?

मलाही असेच वाटायचे. एकदा फुटलेल्या पेल्याच्या काचा मी भाज्यांच्या सालींबरोबर एकाच पिशवीत टाकल्या आणि पिशवी दाराबाहेर ठेवली. दोन दिवसांनी कचरा नेणाऱ्या मावशींच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. “ताई, ओल्या कचऱ्यात काच होती,” एवढेच त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्या दिवशी जपाला बसले, पण मन लागेना.

पाच हिंसास्थाने

धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत : चूल, जाते, झाडू, उखळ आणि पाण्याचा घडा. यांना ‘पंचसूना’ म्हणतात. यांच्याशिवाय संसार चालत नाही आणि ती वापरताना कुणाला तरी इजा होतेच. म्हणून शास्त्राने रोज पंचमहायज्ञ करायला सांगितले. जे घेतो त्याची जाणीव ठेवायची आणि काहीतरी परत द्यायचे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर, मिळालेले परत न देता नुसते भोगणाऱ्याला चोरच म्हटले आहे.

आपण सहज म्हणतो, “पैसे मी मोजले आहेत, वस्तू कशी वापरायची ते मी ठरवीन.” पैशाने दुकानदाराचे देणे फिटते. जमिनीचे, पाण्याचे आणि मावशींचे देणे मात्र बाकीच राहते. ते कसे फेडायचे, हे त्याच पाच जागी उभे राहून पाहूया.

चूल : आपल्या देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून येतो. उघड्या भांड्यातील पाण्याला उकळी आली की आच कितीही वाढवली तरी ते साधारण 100 अंशांच्या वर तापत नाही, वाफ तेवढी वाढते. म्हणून उकळी आली की आच बारीक करावी, भांड्यावर झाकण ठेवावे. डाळी व कडधान्ये भिजवून कुकरमध्ये शिजवावीत.

चुलीवरची सर्वांत मोठी हिंसा म्हणजे शिजवून फेकलेले अन्न. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील जवळपास 60 टक्के घराघरांतून गेले. तांदूळ धुण्यापूर्वी “आज जेवायला कोण कोण आहे?” एवढे विचारले तरी पुष्कळ अन्न वाचते. तरीही उरलेच, तर फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात आपल्या आजीने शिकवलेलेच आहेत.

जाते आणि उखळ : दळण-कांडण आता बहुतेक घरांबाहेर होते आणि पीठ, मसाले, खाऊ चकचकीत पाकिटांतून येतात. प्लास्टिकचे अनेक थर चिकटवून केलेल्या या पाकिटांचा पुनर्वापर फार कठीण असतो. शक्य असेल तिथे धान्य कापडी पिशवीत आणावे, दळण गिरणीतून करून आणावे.

झाडू : आपण घर झाडतो तेव्हा कचरा नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या दारात जातो. कचऱ्याच्या ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो. वीस वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता धरून ठेवतो. तोच ओला कचरा वेगळा दिला तर त्याचे काय होते, हे इंदूरमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांना ठाऊक आहे. तिथे 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करू शकणारा प्रकल्प सुरू झाला. अशा प्रकल्पाची सुरुवात घरातील दोन डब्यांपासून होते.

पाण्याचा घडा : घरातील आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर सोडते. ते बादलीत साठवून फरशी पुसायला, भांडी विसळायला वापरता येते. आधी पाण्याची तपासणीही करून घ्यावी. विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील आणि पाण्यात दुसरा काही दोष नसेल, तर बहुधा आरओची गरज नसते.

एका घराने काय होणार?

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. मावशींचे बोट एकाच घराच्या पिशवीने कापले होते. एका घराने इजा होऊ शकते, तर एका घराने ती टळूही शकते.

मात्र हे सारे घरातील एकाच स्त्रीच्या माथी मारू नका. जेवतात सगळे, तर पंचसूनांचे ऋणही सगळ्यांचे आहे. मुलांनी डबे वेगळे ठेवावेत, पुरुषांनी दळण आणावे, आजोबांनी साली आणि चहाचा चोथा कुंडीत जिरवून खत करावे. त्या खताने तुळस वाढली, तर तोही एक यज्ञच झाला. जे मातीतून आले ते मातीला परत मिळाले.

या आठवड्यात पाचांपैकी एकच जागा निवडा आणि तिथला एक बदल सात दिवस नेमाने पाळा. नेम लहान असला तरी चालेल, तो मोडू नका.

आमच्या घरी आता काच फुटली की ती जाड कागदात गुंडाळून त्यावर लाल अक्षरांत ‘काच’ असे लिहिले जाते आणि ती मावशींच्या हाती सांगून दिली जाते. नैवेद्याचे ताट वाढताना जितके लक्ष असते, तितकेच ही पुडी बांधतानाही असावे, असा माझा प्रयत्न असतो.