हाताची चव, हाताचा विटाळ

खिम्याचे गोळे वळायचा एक चिमटा हल्ली मिळतो. कात्रीसारख्या दोन दांड्या, आणि टोकाला समोरासमोर दोन अर्धगोल वाट्या. वाट्यांत खिमा भरायचा, दांड्या दाबायच्या, कडेनं बाहेर आलेला खिमा काढून टाकायचा, की गोळा तयार. प्रत्येक गोळा एका मापाचा. 'मीटबॉल मेकर' या नावानं तो विकला जातो आणि त्याचं मुख्य कौतुक एवढंच असतं : हात न लावता.

एवढ्याशा वस्तूवर निबंध कशाला, असं कुणी म्हणेल. पण 'हात न लावता' हे शब्द मराठी माणसानं जरा थांबून वाचावेत असे आहेत. जाहिरातीत ते स्वच्छतेबद्दल असतात. आपल्याकडं मात्र अन्नाला हात लागणं किंवा न लागणं हा नुसता स्वच्छतेचा मामला कधीच नव्हता. पुणे-नगर रस्त्यावरच्या कोरेगाव भीमाचा विचार मनात ठेवून ते शब्द वाचले तर हे जास्तच जाणवतं. म्हणून प्रश्न असा विचारू या : अन्नाला हात लागणं ही चांगली गोष्ट आहे का? असेल, तर त्यात नेमकं चांगलं काय आहे?

आधी चिमट्याची बाजू ऐकून घेऊ. मटणाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः वरच्या बाजूला. खिमा केला की ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिम्याचा गोळा मध्यापर्यंत, साधारण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा असं सांगतात. गोळे लहानमोठे असले तर मोठा आत शिजेपर्यंत लहान कोरडा पडतो. म्हणजे एकसारखा आकार दिसायला बरा असतो, तसा शिजायलाही बरा असतो. शिवाय तळहाताच्या उबेनं चरबी मऊ पडते, खिमा हाताला चिकटतो, आणि मीठ घालून फार मळला की गोळा चिवट होतो. संधिवातानं बोटं आखडलेल्या बाईला किंवा चाळीस-पन्नास माणसांचा रस्सा एकटीनं काढणारीला हा चिमटा खरोखरच मदत करतो. तिला 'हातानं वळण्यातली मजा' ऐकवणाऱ्यानं आधी स्वतः दोनशे गोळे वळून दाखवावेत.

आणि साचा आपल्याला नवा कुठं आहे? मोदकाचा साचा आहे, चकलीचा सोऱ्या आहे, पुरणयंत्र आहे. कोरेगावहून नगरच्या दिशेला याच रस्त्यावर रांजणगावचा महागणपती आहे. त्याला साच्यातला मोदक चालतो की नाही, यावर कुणी धर्मसभा भरवल्याचं ऐकिवात नाही. खुद्द कोफ्ता हा शब्द फारसीतल्या 'कुटणे' या क्रियापदावरून आला आहे. नावातच हातांची मेहनत आहे. पुढं ती मेहनत मशीनकडं गेली, तरी कोफ्ता कोफ्ताच राहिला. मटणाच्या दुकानात अजूनही विचारतात, 'हाताचा खिमा देऊ का मशीनचा?' आणि लोक आपापल्या घाईप्रमाणं उत्तर देतात. उलट बाजूला आपले मुटके आहेत. मुठीत दाबून केले म्हणून मुटके. बोटांचे ठसे राहिले तरच तो मुटका, नाहीतर नुसता पिठाचा गोळा. यंत्रामुळं स्वयंपाक बाटतो किंवा बिघडतो, हा आक्षेप एवढ्यानं निकालात निघतो.

पण खरा आक्षेप तो नाहीच. तो असा असतो : 'सगळं ठीक आहे हो, पण हाताची चव येत नाही.'

हाताची चव म्हणजे काय? तिचा एक अर्थ अगदी ठोस आहे. खिमा किती ओला आहे, त्यात डाळं अजून घालायला हवं का, कांद्याला पाणी सुटलंय का, गोळा रश्शात सोडला तर फुटेल का, हे बोटांना कळतं. कळतं म्हणजे वर्षानुवर्षं करून करून कळतं. हे एक ज्ञान आहे, आणि पुस्तकात त्याचं माप देता येत नाही म्हणून ते 'अंदाजानं' या शब्दात गुंडाळून ठेवलेलं असतं. दुसरा अर्थ आस्थेचा. घरात कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला दातांमुळं मऊ गोळा लागतो, हे लक्षात ठेवून केलेल्या जेवणात ती आस्था उतरते. हे दोन्ही अर्थ मला मान्य आहेत. चिमटा यातलं काही हिरावून घेत नाही, कारण खिमा मळायचा हातानंच आणि आठवण ठेवायची मनानंच.

तिसरा अर्थ मात्र अवघड आहे. 'हाताची चव' म्हणताना आपण बऱ्याचदा असं धरून चालतो, की रांधणाऱ्या माणसातलं काहीतरी हातावाटे अन्नात उतरतं. त्याचं कसब, त्याची आठवण, याच्याही पलीकडचं, तो माणूस 'जो कोण आहे' ते. आईच्या बाबतीत हे म्हटलं की गोड वाटतं. पण माणूस हातावाटे अन्नात उतरतो, हे एकदा मान्य केलं, की उतरणारा माणूस कोण, हा प्रश्न लगेच मागोमाग येतो. आणि आपल्याकडं त्या प्रश्नाचं उत्तर शेकडो वर्षं एकाच पद्धतीनं दिलं गेलं. 'हाताची चव' आणि 'हातचं चालत नाही' ही दोन वाक्यं एकाच समजुतीतून निघतात. एक स्वयंपाकघरात म्हटलं जातं, दुसरं उंबरठ्यावर.

कोरेगाव भीमाची आठवण इथं येते ती म्हणून. १ जानेवारी १८१८ ला इथं कंपनीच्या फौजेची पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली. कंपनीच्या त्या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. पलीकडच्या तीरावर पेरणे गावच्या हद्दीत जयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. त्यानंतर तळं 'शुद्ध' करून घेण्याचा विधी झाला. पाण्याची चव बदलली, असं शुद्धी करणाऱ्यांपैकी कुणाचंही म्हणणं नव्हतं. हात लागला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

हे फक्त खालच्या मानलेल्या जातींच्या हातांबद्दल नव्हतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंतांना चहा दिला गेला. पुढं कोण कोण गेलं होतं त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं, आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. चहा कसा झाला होता, हे त्या सगळ्या वादात कुणी विचारल्याचं दिसत नाही.

आणि हे जुनं झालं, असं म्हणायचीही सोय नाही. २०१७ च्या सप्टेंबरात पुण्यात हवामान खात्यातल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकाच्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. तिनं जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला, असा आरोप होता. त्या बाईंनी आरोप नाकारला, गावभर चर्चा झाली, पुढं तक्रार मागं घेतली गेली. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी स्वयंपाक झाला, जेवणं झाली. मग माहिती कळली. मग जेवण बाटलं. म्हणजे जे बिघडलं ते ताटात बिघडलेलं नव्हतं.

यातून एक साधी परीक्षा हाती लागते. एखाद्या जेवणाबद्दल आपलं मत रांधणाऱ्याचं आडनाव कळल्यावर बदलत असेल, तर ते चवीबद्दलचं मत नव्हे. ही परीक्षा दोन्ही बाजूंना लावायला हवी. आडनाव कळून ज्याला घास कडू लागतो त्याला, आणि आडनाव कळून ज्याला तोच घास जास्त सात्त्विक वाटतो त्यालाही. हात काय करतो यावर चव अवलंबून असते. हात कुणाचा यावर जी अवलंबून असते, तिला दुसरं नाव आहे. आईच्या हातच्या जेवणाचं कौतुक या परीक्षेत टिकतं, कारण ते आईनं काय केलं याचं कौतुक असतं. तिला काय जमतं आणि आपल्यासाठी तिनं काय लक्षात ठेवलं, याचं. ती कोणत्या घरात जन्मली, याचं ते नसतं, नसावं.

मग कुणी म्हणेल, यावर चिमटा हाच उपाय नाही का? कुणाचाच हात लागला नाही, तर कुणाच्या हाताला नकार देण्याचा प्रश्नच मिटला.

ही आशा जुनी आहे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, त्याच वर्षी कार्ल मार्क्सनं लिहिलं होतं, की रेल्वेमुळं जो आधुनिक उद्योग येईल तो जातींना आधार देणारी वंशपरंपरागत कामांची वाटणी मोडून काढेल. आगगाडी आली, आणि स्टेशनवर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं मिळू लागलं. मुंबईत कापडगिरण्या आल्या. तिथं विणकाम खात्यात मजुरी बरी होती, पण अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि ज्याला त्यांची थुंकी लागली तो धोटा सवर्ण विणकर घ्यायचे नाहीत. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. साचा विलायतेहून आलेला, वाफेवर चालणारा, त्याला जात ठाऊक नव्हती. पण त्याच्यात जिथं जिथं माणसाच्या शरीराचा स्पर्श शिल्लक होता, तिथं तिथं जात जाऊन बसली. यंत्रानं नकाराचे प्रसंग कमी होतात. नकार देणारं मन तसंच राहतं आणि पुढच्या प्रसंगाची वाट बघतं.

दुसरं म्हणजे, 'कुणाचाच हात लागला नाही' हे खरंही नसतं. बोकड कुणीतरी कापलेला असतो, सोललेला असतो, वजडी कुणीतरी साफ केलेली असते. सणसवाडी-रांजणगावच्या पट्ट्यात फ्रीजपासून गाड्यांच्या भागांपर्यंत कायकाय बनतं, ते मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या हातांनीच बनतं. चिमटाही अशाच कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी तपासून खोक्यात भरलेला असतो. हात नाहीसे होत नाहीत. ते आपल्या नजरेआड जातात. आणि नजरेआड गेले, की त्यांची जबाबदारी आपल्यावर राहत नाही असं वाटायला लागतं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ चं पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीबद्दल आहे. ज्या हातांनी हे अन्न साफ केलं, चिरलं, वाळवलं, शिजवलं, ते मराठी पाकपुस्तकांत जवळपास नव्हतेच. त्यासाठी कुठलं यंत्र लागलं नव्हतं. नुसतं न बघणं पुरलं होतं.

म्हणून चिमटा वापरावा की नाही, याचं सरसकट उत्तर देता येत नाही. तो कशापासून सुटका करतो, ते बघावं लागतं. कष्टापासून सुटका करत असेल तर खुशाल वापरावा. दुखरी बोटं, अपुरा वेळ, मोठं कुटुंब, ही सगळी चांगली कारणं आहेत. घरातल्या पुरुषाला वळता येत नाही म्हणून तो स्वयंपाकघरात फिरकत नसेल आणि चिमट्याच्या निमित्तानं तो ओट्याशी उभा राहणार असेल, तर आणखी चांगलं. कच्च्या मांसाची किळस येते म्हणून कुणी वापरत असेल, तर तेही समजू शकतं. फक्त त्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की ती किळस त्याच्याऐवजी रोज दुसरं कुणीतरी गिळतं आहे. आपण ज्याला हात लावू शकत नाही त्याला रोज हात लावणाऱ्याला आपण कमी लेखणार असू, तर आपल्याला ते खाण्याचा हक्क फारसा उरत नाही. आणि 'हात न लावता' याचा अर्थ मनातल्या मनात 'त्यांचा हात न लागता' असा होत असेल, तर दोष चिमट्याचा नाही, पण चिमट्याच्या आड लपणंही बरोबर नाही.

कोल्हापूरची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली. पण महाराजांनी नुसते पैसे देऊन विषय संपवला नाही. ते स्वतः त्या हॉटेलात चहा प्यायले आणि सोबतच्यांनाही प्यायला लावला. स्पर्श टाळता येईल अशी एखादी युक्ती त्यांना करता आली असती. त्यांनी कप गंगारामच्या हातून घेतला, चारचौघांत.

गावात कुणाच्या हातचं कोण जेवतं, हे आजही सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. लग्नाच्या मांडवात केटरर असतो, तिथं प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो रविवारी दुपारी, शेजारच्या आळीतून गोळ्यांच्या रश्श्याचा डबा येतो तेव्हा. तो घरात उघडला जातो की 'आमचं आत्ताच झालं' म्हणून तसाच बाजूला ठेवला जातो? त्यातले गोळे हातानं वळलेले आहेत की चिमट्यानं, हे डबा उघडल्याशिवाय कळायचं नाही.