शब्दाचे स्वामित्व

मालकीच्या म्हणून ज्या ज्या वस्तू आपण गणतो, त्या दुसऱ्याच्या हाती गेल्या म्हणजे आपल्या हातून जातात. शब्दाला हे लक्षण लागू पडत नाही, कारण दिल्याने देणाऱ्याकडील साठा तिळमात्र उणा होत नाही. आणि तरीही शब्दाच्या मालकीवरून राष्ट्राराष्ट्रांत तंटे माजतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

विलायतेच्या बोलीतील कितीतरी शब्द हल्ली अमेरिकन माणसाच्या तोंडी रुळू लागले आहेत. थक्क झाला की तो 'गॉबस्मॅक्ड' म्हणतो, आगाऊपणाला 'चीकी' म्हणतो, आणि एकदाच घडून गेलेल्या गोष्टीला 'वन-ऑफ' म्हणताना तर हा शब्द समुद्रापलीकडचा आहे याची त्याला बहुधा गंधवार्ताही नसते. डेलावेअर विद्यापीठातील निवृत्त प्राध्यापक बेन यागोडा यांनी या आगंतुकांचे दप्तर २०११ पासून ठेवले आणि २०२४ मध्ये त्यांवर ग्रंथही प्रसिद्ध केला. मात्र अमेरिकेत या शब्दांवर आक्षेप घेणारेही आहेत. त्यांचे म्हणणे असे, की जो शब्द आपल्या मातीत उगवला नाही तो उच्चारणे हा दंभ होय.

या आक्षेपामागे जुना अभिमान आहे. स्वतंत्र राष्ट्राला राज्यपद्धतीप्रमाणेच भाषापद्धतीही स्वतःची हवी, असे १७८९ मध्ये बजावणाऱ्या अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरने १८२८ मध्ये आपला कोश सिद्ध केला, आणि त्याने पुरस्कारिलेली काही सुटसुटीत वर्णरचना देशाने शिरोधार्यही मानली. परंतु लेखनाच्या नियमनाची सनद मिळाली म्हणून वाणीवर अंमल बसतो असे नाही. घट हवा असणारा मनुष्य कुंभाराच्या घरी जातो, तसा शब्द हवा असणारा कोणी वैयाकरणाच्या दारी जात नाही, हे पतंजलीने महाभाष्यात सांगून ठेवलेच आहे. १९९८ मध्ये हॅरी पॉटरच्या पहिल्या कथेच्या नावातील तत्त्वज्ञाला हद्दपार करून अमेरिकन प्रकाशकाने तेथे मांत्रिक बसविला. पण अशा चौक्या बसवूनही विलायती शब्दांची आवक थांबली नाही.

तर मग शब्दावर अधिकार कोणाचा? या प्रश्नाचा मार्मिक निर्णय आमच्या मीमांसकांनी दिलेला आहे. 'पिक', 'नेम', 'तामरस' असे काही वैदिक शब्द आर्यांच्या व्यवहारातून लुप्त होऊन म्लेच्छांच्या व्यवहारात मात्र प्रचलित होते. तेव्हा त्यांचा अर्थ व्युत्पत्तीच्या बळावर कल्पावा, की म्लेच्छ समजतात तोच प्रमाण मानावा, अशी शंका उपस्थित करून मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांनी कौल म्लेच्छांच्या पक्षात दिला. वेदांना अपौरुषेय मानणाऱ्या परंपरेनेही शब्दार्थाच्या बाबतीत कुलापेक्षा वहिवाट श्रेष्ठ ठरवावी, हे अर्थपूर्ण आहे. अमेरिकेचा इतिहासही याचीच साक्ष देतो. टॉमस जेफरसनने योजिलेल्या 'बिलिटल' या क्रियापदाची १७८७ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाने टर उडविली, आणि आज तोच शब्द विलायतेतही निःशंकपणे चालतो. उलट शरदाला 'फॉल' म्हणण्याची जी रीत अस्सल अमेरिकन समजली जाते, ती मूळची इंग्लंडचीच असून तेथे ती मागे पडली, एवढेच. अशा देवघेवीत जन्माचा दाखला कोणाकडे मागावा?

तथापि दंभाचा आरोप सर्वस्वी निराधार नाही. श्रोत्याने अर्थ जाणावा म्हणून उच्चारलेला शब्द आणि त्याने वक्त्याकडे कौतुकाने पाहावे म्हणून उच्चारलेला शब्द यांत नैतिक अंतर आहेच. मात्र ते अंतर शब्दात नसून अंतःकरणात आहे. 'ब्रिलियंट' हाच उद्गार एक जण लंडनच्या वास्तव्याची जाहिरात म्हणून काढील, दुसरा निखळ आनंदाने काढील, आणि पहिल्याचे मूल तो बापाकडून ऐकून शिकेल तेव्हा बापाचा दंभ त्याच्या वाट्याला मुळीच येणार नाही. शिवाय सर्वथा देशी शब्दांनीही मनुष्य आपल्या साधेपणाचे प्रदर्शन मांडू शकतो, आणि तो दंभ कोणत्याही कोशाला पकडता येत नाही. म्हणून शब्दांची जकात वसूल करणाऱ्यांना शोधावयाचा दोष त्यांच्या नाक्यावर कधीच सापडणार नाही. तो बोलणाऱ्यानेच स्वतःच्या ठायी शोधावा, कारण आपण कशासाठी बोललो याचा पुरावा फक्त त्याच्याजवळ असतो.