सत्तर खोल्यांचा वाडा

न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर व्हँडरबिल्ट नावाचं एक शेतकरी कुटुंब होतं. त्यातला कॉर्नेलियस ११व्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला. १६व्या वर्षी आईकडून १०० डॉलर उसने घेऊन त्याने होडी घेतली, असं सांगतात. बेटावरून मॅनहॅटनला उतारू न्यायचे, परत आणायचे. होडीमागून आगबोटी आल्या, मग रेल्वे. १८७७ साली तो वारला तेव्हा मागे सुमारे १० कोटी डॉलर ठेवून गेला. इंग्रजीतला ‘रिच’ तो हा. हातात पैसा खेळतोय, एवढंच त्या शब्दाला पुरतं.

बहुतेक सगळं थोरल्या विल्यमला मिळालं. बाप त्याला मंद समजायचा. एके काळी त्याला बेटावर शेती बघायला बसवलं होतं. त्याच विल्यमने आठ वर्षांत इस्टेट जवळजवळ दुप्पट केली. न्यूयॉर्कमध्ये मोठं घर त्यानेही बांधलं, पण मुद्दल वाढतच राहिलं. ‘वेल्दी’ म्हणावं ते अशाला. त्याचा पैसा कामाला लागलेला असतो, म्हणून तो पिढ्यांना पुरतो. पैसा राखणाऱ्याचे पवाडे कुणी गात नाही, पण मला या घराण्यात विल्यमचंच काम सगळ्यांत अवघड वाटतं.

नातवाचं नाव आजोबांचंच, कॉर्नेलियस. न्यूपोर्टला समुद्रकाठी उन्हाळ्यापुरतं राहायला त्याने ‘द ब्रेकर्स’ बांधला. १८९५ साली तो उभा राहिला, ७० खोल्यांचा. न्हाणीघरातल्या टबाला गोड्या पाण्याच्या तोट्या वेगळ्या, समुद्राच्या खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या. दोन्हींत गरम आणि गार. ‘ऑप्युलंट’ हा शब्द अशाच घरासाठी आहे. डोळे दिपतात, आणि ते सुंदर आहे हेही खरं. पण संपत्ती माणसाला पोसते. ऐश्वर्याला मात्र माणसाने पोसावं लागतं. छत गळतं, नोकरांचे पगार चुकत नाहीत, कर दरवर्षी येतो.

वाडा पुरा झाल्यावर वर्षभरातच नातवाला पक्षाघात झाला. १८९९ साली तो गेला. इस्टेट वारसांत वाटली गेली. पुढे वाडा मुलीकडे आला. १९४८ साली तिने तो जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेला वर्षाला १ डॉलर भाड्याने दिला. बांधायला ७० लाखांच्या वर लागले असं म्हणतात. १९७२ साली वारसांनी तो त्याच संस्थेला ३ लाख ६५ हजारांना विकला.