पुसून टाकणे आणि नवे होणे

संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे कोणतीही तक्रार घेऊन जावे, तो बहुधा एकच औषध सांगतो : 'फॉरमॅट मारू या.' मदरबोर्ड बदलायचा असेल तर अधिकच आग्रहाने. जुन्या हार्ड डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टीम नव्या मदरबोर्डवर चालणार नाही, सर्व पुसून ती पुन्हा बसवावी लागेल, अशी त्याची ठाम समजूत असते. ही समजूत निराधार नाही. परंतु ती पूर्ण सत्यही नाही, आणि तिच्यात दडलेला प्रश्न केवळ संगणकापुरता नाही.

विंडोज ७ पर्यंतच्या काळात अडचण खरी होती. ऑपरेटिंग सिस्टीम बसवली जात असताना ती त्या यंत्राची ओळख करून घेते, डिस्कशी संवाद साधणारा ड्रायव्हर कोणता हे ठरवून ठेवते आणि इतरांना निद्रिस्त ठेवते. मदरबोर्ड बदलला आणि डिस्कचा नियंत्रक निराळा निघाला की, ज्या डिस्कवर ती स्वतः वसलेली आहे तीच तिला वाचता येत नसे. पडदा निळा होई व ७बी हा संकेतांक झळके. तरीही सारे पुसण्याची गरज नसे. जुना मदरबोर्ड काढण्यापूर्वीच नव्यास लागणारा ड्रायव्हर जागा करून ठेवता येई, किंवा सिसप्रेप या साधनाने जुन्या यंत्राच्या खुणा तेवढ्या विसरावयास लावता येत. २०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासून बहुतेक वेळा नवे भाग आपोआप ओळखले जातात. लिनक्सच्या गाभ्याबरोबर तर बहुसंख्य ड्रायव्हर मुळातच असतात. मात्र पूर्वतयारी हवी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिच्या किल्लीचा संबंध जुन्या मदरबोर्डच्या टीपीएमशी असतो. ४८ अंकी पर्यायी किल्ली जपून ठेवली नसेल, तर डिस्क शाबूत असूनही आतले काहीच हाती लागत नाही.

मग हा संगणक तोच म्हणावा की दुसरा? फळी फळी बदललेल्या थिसियसच्या नौकेवरून ग्रीक तत्त्वज्ञ असाच वाद घालीत, हे प्लुटार्कने नोंदवले आहे. १३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी पुनरुत्थानाचा विचार करताना अग्नीचा दाखला दिला : जुनी लाकडे जळून जातात, नवी घातली जातात, तरी अग्नी तोच राहतो, त्याप्रमाणे शरीरातील द्रव्य सतत येत-जात असूनही मनुष्य तोच असतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. 'आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर' हे अलीकडे वारंवार ऐकू येणारे समीकरण संत थॉमस यांना मुळीच रुचले नसते. डिस्कची तंतोतंत प्रत काढून दोन यंत्रे चालवता येतात. माणसाची प्रत निघत नाही. आत्मा देहात उतरलेला भाडेकरू नव्हे. तो देहाला देहपण देतो.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, फॉरमॅटची इच्छा माणसांनाही होते. कित्येक वर्षे व्यसनात घालवलेला गृहस्थ, किंवा भलत्याच वाटेला जाऊन परतलेला तरुण, धर्मगुरूंना विनवतो : मी आता तो राहिलो नाही, माझा पुन्हा बाप्तिस्मा करा. ख्रिस्तसभेने हे कधीच मान्य केले नाही. ४थ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील डोनाटस पंथीय पुन्हा बाप्तिस्मा देत. ३१४ सालच्या आर्लच्या धर्मपरिषदेने त्या प्रथेविरुद्ध निर्णय दिला. पुढे संत ऑगस्टीन यांनी रोमन सैनिकाच्या अंगावरील खुणेचे उदाहरण दिले : पळून गेलेला शिपाई परत आला, तर त्याच्यावर दुसरी खूण कोणी उमटवीत नाही. बाप्तिस्म्याची मुद्रा अमिट आहे, हे ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली निश्चित केले.

यावर कोणी म्हणेल की, ही निष्कारण कठोरता झाली. विषाणूने पोखरलेली ऑपरेटिंग सिस्टीम पुसून टाकणेच शहाणपणाचे नव्हे काय? संगणकाच्या बाबतीत शहाणपणाचेच आहे. परंतु माणसाच्या भूतकाळात दुसरी माणसे असतात. दारूपायी ज्याने पत्नीचे दागिने विकले, तो 'आता मी दुसराच झालो' असे म्हणू लागला, तर तिचे दागिने कोणी भरून द्यावेत? दुसऱ्याचे कर्ज दुसरा फेडीत नाही. आणि क्षमा तरी कोणाला करावी? अपराध करणारा व क्षमा मागणारा एकच असेल तरच ती क्षमा होते. एरवी तिला केवळ विसर म्हणावे लागेल. घरातील मंडळींना हा फरक आपल्या प्रवचनांपेक्षा चांगला कळतो, असा माझा अनुभव आहे. जक्कयच्या घरी प्रभू आला, तेव्हा 'जुना जक्कय मेला' असे म्हणून तो मोकळा झाला नाही. अन्यायाने घेतलेले चौपट परत देईन, असे तो बोलला. संत पौल यांनी ख्रिस्तामधील नव्या निर्मितीविषयी लिहिले खरे, पण आपण ख्रिस्तसभेचा छळ केला होता हेही त्यांनी स्वतःच करिंथकरांना कळवले. तंबू शिवण्याचे जुने कसबही त्यांनी टाकले नाही.

धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची रीतही अशीच आहे. दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांची टिपणे मूळ नोंदीलाच जोडली जातात, आणि विवाह रद्दबातल ठरल्याचे धर्मन्यायालयाने कळवले तर तेही तेथेच लिहितात. मूळ नोंद खोडून नवी लिहीत नाहीत. म्हणून जुन्या नोंदवह्यांत समासाची जागा पुष्कळदा अपुरी पडते, अक्षरे एकमेकांत घुसतात, आणि दाखला देताना भिंग घेऊन बसावे लागते.